जुन्या इनलाइन ठासणीच्या रायफलींचे सुटे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही हंगामांत मला आलेल्या प्रश्नांवरून हे पान तयार केलं आहे. विचारणारे बहुतेक अमेरिकेत राहणारे मराठी लोक आहेत. कुणाला शेजारच्या आजोबांनी गॅरेज रिकामं करताना रायफल देऊन टाकलेली असते, कुणी ती पॉन शॉपमधून स्वस्तात उचललेली असते, कुणाकडे अमेरिकन सासऱ्यांची आलेली असते. रायफल ठणठणीत असते, पण बोटाच्या पेराएवढा एखादा भाग झिजलेला किंवा हरवलेला असतो, आणि तो कुठे मिळेल हे दुकानात कुणालाच सांगता येत नाही.

काही शब्द आधी सांगतो. नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी घट्ट बसणारं बूच म्हणजे ब्रीच प्लग. त्याच्या मागे बसणारा, ज्यावर टोपी चढवतात तो छोटा तुकडा म्हणजे निपल. टोपी म्हणजे मार बसला की ठिणगी देणारी धातूची इवलीशी वाटी, आणि प्रायमर म्हणजे तेच काम करणारा, पण जास्त जोरकस तुकडा. नळीच्या मागे असणारा, ओढून उघडायचा दांडा म्हणजे बोल्ट.

१. इनलाइन म्हणजे नेमकं काय? आणि "जुनी" कुठली म्हणायची?

पारंपरिक ठासणीच्या बंदुकीत घोडा बाजूला असतो आणि ठिणगी वळसा घेऊन दारूपर्यंत पोचते. इनलाइनमध्ये टोपी किंवा प्रायमर नळीच्या सरळ रेषेत मागे असतो, त्यामुळे ठिणगी थेट आत जाते. हा प्रकार लोकप्रिय केला मिसूरीच्या टोनी नाइट यांनी, १९८५ मध्ये आणलेल्या एमके-८५ या रायफलीने. एमके ही त्यांच्या मुलीच्या, मिशेल नाइटच्या, नावाची आद्याक्षरं. ब्रीच प्लग काढता येत असल्यामुळे नळी मागून साफ करता येऊ लागली, आणि शिकाऱ्यांना तेच सगळ्यात आवडलं.

या पानापुरतं "जुनी" म्हणजे १९८५ पासून साधारण २०१० पर्यंतची. त्या काळातल्या बऱ्याच कंपन्या बंद पडल्या किंवा त्यांचे मालक बदलले, आणि भागांची ओढाताण तिथूनच सुरू होते.

२. रायफल हातात आली. कुठला भाग मागवायचा हे ठरवण्याआधी काय करू?

ती भरलेली नाही याची खात्री करा. हे उत्तर मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आहे. बोल्ट उघडला आणि टोपी दिसली नाही म्हणजे बंदूक रिकामी, असा समज काडतुसांच्या बंदुकीवरून आलेला असतो आणि इथे तो जिवावर बेतू शकतो. दारू आणि गोळी नळीच्या तळाशी असतात, मागून दिसतच नाहीत. वीस वर्षं कपाटात पडलेली रायफलही भरलेली निघते.

टोपी किंवा प्रायमर असेल तर आधी काढा. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून ठासणीचा गज अलगद तळापर्यंत सोडा. तोंडाशी गजावर चिकटपट्टीची खूण करा. गज बाहेर काढा आणि ती खूण नळीच्या तोंडाशी जुळवून बाहेरून नळीलगत धरा. गजाचं टोक ब्रीच प्लगच्या पुढच्या तोंडापाशी पोचलं पाहिजे. ते दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. अशी रायफल बार काढून "मोकळी" करायच्या भानगडीत पडू नका. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीवर चालणारं एक साधन निपलमधून दाब देऊन गोळी पुढे ढकलतं. ते वापरता येत नसेल तर सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्या आणि दारात शिरतानाच "भरलेली असू शकते" असं सांगा.

३. मॉडेल कसं ओळखायचं? नळीवर फक्त कंपनीचं नाव आहे.

नळीवरचं सगळं लिखाण, अगदी खालच्या बाजूचंही, उतरवून घ्या. दस्ता काढला की नळीच्या खाली देशाचं नाव आणि शिक्के दिसतात. "मेड इन स्पेन" दिसलं तर सीव्हीए, ट्रॅडिशन्स या कंपन्यांची किंवा त्यांच्याकडून दुसऱ्या नावाने विकलेली रायफल असण्याची शक्यता मोठी. विंचेस्टरचं नाव असलेल्या एपेक्स आणि एक्स-१५० या रायफली सीव्हीएच्याच मालक कंपनीने परवान्याखाली विकल्या होत्या, त्यामुळे विंचेस्टरकडे त्यांचे भाग शोधून हाती काही लागत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी टिपा: बोल्ट मागे ओढायचा, वर उचलून ओढायचा, की नळी पुढे मोडून उघडते, ठिणगी नंबर ११ टोपीची (नेहमीची छोटी), मस्केट कॅपची (तशीच, पण मोठी टोपी), की २०९ प्रायमरची (मुळात शॉटगनचा), आणि कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा इंचातला व्यास, .४५, .५० की .५४. एवढ्यावरून जुन्या पुस्तिकेतलं चित्र जुळवता येतं.

४. माझ्या रायफलीची कंपनी अजून आहे का? भाग कुठे शोधू?

नाइट : मूळ कंपनी मिसूरीतून आयोवात गेली, नंतर दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि २००९ मध्ये बंद झाली. पुढे नव्या मालकांनी टेनेसीतल्या अथेन्स इथे ती पुन्हा सुरू केली. जुन्या मॉडेलांसाठी निपल, ब्रीच प्लग असे भाग मिळण्याची आशा इतर बंद पडलेल्या नावांपेक्षा इथे जास्त आहे, म्हणून पहिली विचारणा कंपनीकडेच करा.

थॉम्पसन/सेंटर : न्यू हॅम्पशरमधल्या रॉचेस्टरची ही कंपनी स्मिथ अँड वेसनने घेतली. २०२१ मध्ये त्यांनी ती विकायला काढली आणि २०२४ मध्ये कंपनीच्या पूर्वीच्या प्रमुखांनी ती परत घेतली. मधल्या काळात लोकांनी भागांचा साठा करून ठेवल्यामुळे ऑमेगा आणि एन्कोर या मॉडेलांचे भाग बाजारात फिरत असतात. थंडर हॉक, फायर हॉक या मॉडेलांसाठी मात्र चिकाटी लागते.

सीव्हीए आणि ट्रॅडिशन्स : दोन्ही चालू आहेत, पण जुन्या मॉडेलांचे सगळे भाग ठेवत नाहीत. सीव्हीएबद्दल आधी प्रश्न ९ वाचा.

रेमिंग्टन ७०० एमएल, रुगर ७७/५०, युटातली व्हाइट, ऑस्टिन अँड हॅलेक, गॉनिक : या बहुतेकांसाठी वापरलेले भाग विकणाऱ्यांकडेच जावं लागतं. न्यू यॉर्क राज्यातलं न्यूमरिक हे जुन्या बंदुकींच्या सुट्या भागांचं मोठं भांडार आहे आणि त्यांच्याकडच्या, प्रत्येक भाग सुटा करून दाखवणाऱ्या आकृत्या भागाचं नाव शोधायलाही उपयोगी पडतात. निपलसाठी मिनेसोटातलं ट्रॅक ऑफ द वुल्फ आणि टेनेसीतलं डिक्सी गन वर्क्स पाहा. ही दोन्ही मुळात पारंपरिक बंदुकींची दुकानं, पण निपलचे आटे इनलाइनलाही तेच चालतात.

आणखी एक मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही: तीच रायफल मोडक्या अवस्थेत विकत घ्या. दस्ता फुटलेली किंवा नळी गंजलेली रायफल लिलावात स्वस्त जाते. तिच्यातून बोल्ट, चाप, स्प्रिंगा आणि स्क्रू सगळे एकदम मिळतात. माझ्या एमके-८५ चा बोल्ट असाच आला आणि सुट्या बोल्टपेक्षा अख्खी मोडकी रायफल स्वस्त पडली.

५. निपल नवीन आणला, दोन-तीन फेरे फिरतो पण सैल वाटतो. चालेल का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त काळजीही याचीच वाटते.

निपलचे आटे प्रामुख्याने दोन मापांत येतात. नाइट, थॉम्पसन/सेंटर अशा अमेरिकन रायफलींत साधारणपणे १/४-२८, म्हणजे पाव इंच व्यास आणि इंचाला २८ आटे. मिलिमीटरमध्ये व्यास ६.३५ आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.९ च्या आसपास. स्पेनहून आलेल्या सीव्हीए आणि ट्रॅडिशन्समध्ये बहुधा ६×१, म्हणजे व्यास ६ मिमी आणि अंतर १ मिमी. फरक केसाएवढा आहे, म्हणूनच फसवतो. ६ मिमीचा निपल पाव इंचाच्या भोकात जातो, फिरतो, "बसला" असं वाटतं. प्रत्यक्षात तो आट्यांच्या टोकांवर कसाबसा टेकलेला असतो. बार झाला की मागे येणाऱ्या दाबाने तो सुटून थेट तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. उलट केलं, म्हणजे पाव इंचाचा निपल ६ मिमीच्या भोकात पान्याने दामटला, तर ब्रीच प्लगचे आटेच जातात.

व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजायची गेज, दोन्ही मिळून फारसा खर्च येत नाही. जुना निपल असेल तर त्याचा व्यास, आट्यांचं अंतर, आट्यांच्या भागाची लांबी आणि टोपी बसते त्या शंकूचं माप, अशी चार मापं कागदावर लिहा. जुना निपलच नसेल तर ब्रीच प्लग काढून दुकानात न्या आणि तिथेच बसवून पाहा. बरोबर निपल बोटांनी, कुठेही न अडखळता, जवळजवळ शेवटपर्यंत जातो आणि पाना फक्त शेवटच्या आवळणीला लागतो.

६. ब्रीच प्लग हलतच नाही. तो निघाला तरच नवा बसवणार ना?

आधी प्रश्न २ मधली तपासणी. भरलेल्या नळीच्या मागे पाना लावणं म्हणजे स्वतःच्या पोटासमोर बंदूक धरणं.

प्लग अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूचं उरलेलं राख-मीठ असतं. या दारूत पोटॅशियम परक्लोरेट असतं, जळल्यावर क्षार उरतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि आट्यांमध्ये गंज धरतात. मालकाने शेवटच्या शिकारीनंतर नळी पुसली आणि प्लग तसाच ठेवला की काही वर्षांत तो जाम होतो.

नळी उभी धरून पुढून आणि मागून दोन्हीकडून आत भिनणारं तेल सोडा. एक दिवस नाही, आठवडाभर, रोज थोडं. मध्ये एकदा कडकडीत पाण्याने नळी धुवून पुन्हा तेल घाला, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. हे पाण्याचं बरेच जण विसरतात आणि नुसत्या तेलावर महिने घालवतात. नळी लाकडी जबड्यांच्या शिकंजात धरा आणि त्या मॉडेलचाच पाना वापरा. पकड किंवा पाइप पाना लावला की प्लगचे कोपरे झिजतात आणि मग गनस्मिथलाही तो ड्रिल करूनच काढावा लागतो. दोन आठवड्यांत हलला नाही तर त्याच्याकडे द्या.

निघाल्यावर आटे ब्रशने स्वच्छ करा, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस लावा, आणि पुढे दर वेळी साफ करताना प्लग काढायची सवय ठेवा.

७. भाग बदलायची वेळ आली हे कसं कळेल? दिसायला तर ठीक आहे.

निपल किंवा २०९ चा ब्रीच प्लग मधल्या बारीक भोकातून झिजतो. दर बाराबरोबर आग तिथून जाते आणि भोक मोठं होत जातं. खुणा अशा: बार झाल्यावर टोपीचे तुकडे होणं, घोडा मागे ढकलला जाणं, दुर्बिणीच्या खालच्या बाजूला काजळी वाढणं, गोळ्या विनाकारण पसरायला लागणं. भोकात १ मिमीचं ड्रिल सहज जात असेल तर मी तो भाग वापरत नाही. भाग नवा असतानाच त्याच्या भोकात कुठलं ड्रिल जातं हे लिहून ठेवलंत तर पुढे तुलना सोपी जाते.

डोळ्यांना चष्मा, नेहमी. नवा भाग असला तरीही.

८. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, लेथ हाताशी आहे. ब्रीच प्लग स्वतःच बनवला तर?

आपल्यात हा प्रश्न हमखास येतो आणि त्यामागची हौस मला समजते. माझं उत्तर दोन भागांत आहे. दाब झेलणारे भाग, म्हणजे ब्रीच प्लग, निपल आणि बोल्टचा पुढचा तोंडाचा भाग, घरी बनवू नका. माप जुळलं तरी पोलाद कुठलं, त्यावर उष्णतेची प्रक्रिया कशी झाली, आटे किती खोल बसले, हे सगळं मूळ नळीशी जुळावं लागतं, आणि चूक कळते ती बार झाल्यावर. हे काम बंदुकींच्या नळ्या करणाऱ्या व्यावसायिक गनस्मिथचं.

बाकीचे भाग खुशाल करा. बोल्टची मूठ, गजाची टोकं, दस्त्याचे स्क्रू, चापाभोवतीचं कडं, ब्रीच प्लगचा पाना. विशेषतः पाना: जुन्या मॉडेलांचा पाना मिळत नाही आणि तो लेथ-मिलिंगवाल्यासाठी संध्याकाळभराचं काम आहे.

दुसऱ्या मॉडेलचा ब्रीच प्लग "बसतोय" म्हणून लावण्यालाही हाच नियम. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे आटे आणि लांबी वेगळी असू शकते. थॉम्पसन/सेंटरच्या ट्रायम्फचा प्लग पाव फेऱ्यात निघतो, तो त्यांच्या जुन्या रायफलींत जाण्याचा प्रश्नच नाही.

९. सीव्हीएच्या नंबराच्या शेवटी ९५ आहे. काहीजण म्हणतात वापरू नको. खरं का?

खरं आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये सीव्हीएने १९९५ आणि १९९६ सालच्या इनलाइन रायफली परत मागवल्या होत्या. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील तर ती रायफल त्यातली. कंपनीची मालमत्ता १९९९ मध्ये ब्लॅकपावडर प्रॉडक्ट्स या कंपनीने घेतली आणि त्यांचंही सांगणं हेच आहे की या रायफली वापरू नयेत.

अशी रायफल असेल तर तिच्यासाठी भाग शोधू नका. नवा ब्रीच प्लग लावून ती सुरक्षित होत नाही, दोष नळीचा आहे. तिची नळी कुणाला विकूही नका, फुकटही देऊ नका.

१०. नाइटच्या डिस्क रायफलीला प्लास्टिकच्या चकत्या लागतात, त्या कुठे मिळतील?

१९९७ मध्ये आलेल्या या रायफलीत २०९ प्रायमर छोट्या प्लास्टिकच्या चकतीत बसवून आत सरकवतात. मूळ डिस्कच्या चकत्या आणि नंतरच्या डिस्क एक्स्ट्रीमचं प्लास्टिकचं वेष्टण या वेगळ्या वस्तू आहेत, त्यामुळे मागवताना मॉडेल नक्की सांगा. चकती पुन्हा वापरता येते, फेकू नका. चकतीशिवाय नुसता प्रायमर वापरण्यासाठी बोल्ट आणि ब्रीच प्लग बदलायचा संचही निघाला. ज्यांना पुढची दहा वर्षं ही रायफल वापरायची आहे त्यांना मी तोच सुचवतो.

११. नंबर ११ टोपी ओलीत दगा देते. २०९ चा संच लावू का?

तुमच्या मॉडेलसाठी नावानिशी बनवलेला संच असेल तरच. २०९ प्रायमर टोपीपेक्षा बराच जोरकस असतो आणि जुना हलका घोडा तो दाब मागे रोखू शकेलच असं नाही. मधला मार्ग मस्केट कॅपचा: निपल बदलला की झालं, टोपी मोठी आणि ठिणगी जास्त. आटे पाहायला प्रश्न ५ आहेच.

राज्याचा नियमही पाहा. आयडाहोमध्ये ठासणीच्या खास हंगामात २०९ प्रायमर चालत नाही, तिथे संच लावलात तर हंगामच जाईल. कोलोरॅडोत इनलाइन चालते, पण दुर्बीण, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टण) आणि वड्यांच्या रूपात मिळणारी दारू (पेलेट) चालत नाही. पेनसिल्वेनियात ऑक्टोबरच्या हंगामात इनलाइन चालते, नाताळनंतरच्या हंगामात मात्र फक्त चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारी बंदूक.

१२. घोड्याची स्प्रिंग दमली आहे. दुसरी कापून बसवू?

कापू नका. कापलेली स्प्रिंग कधी टोपी फोडत नाही, तर कधी घोडा पुढे नीट दाबून धरत नाही, आणि मग मागे आग येते. स्प्रिंगची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी मोजून तीच मागवा. बोल्टमध्ये वर्षानुवर्षांचं घट्ट झालेलं तेल असेल तर स्प्रिंग चांगली असूनही मार हलका पडतो, म्हणून आधी बोल्ट उघडून धुवा. चाप मात्र उघडून "हलका" करू नका, तो गनस्मिथचाच विषय.

१३. गज, दस्ता, दुर्बिणीचा बेस?

सोपे आहेत. गजाच्या टोकाचे आटे ८-३२ किंवा १०-३२ असतात, दोन्हींचे जोडतुकडे मिळतात. दस्ता वापरलेलाच शोधा. बेससाठी रिसीव्हरवरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या सांगाड्यावरच्या) भोकांमधलं अंतर मोजून विचारा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका.

१४. भाग टपालाने मागवायला परवाना लागतो का?

ज्या रायफली फक्त ठासूनच भरता येतात आणि ज्यांत काडतूस बसूच शकत नाही, त्या अमेरिकेच्या संघीय कायद्यात "अँटिक" धरल्या जातात, नवीन असल्या तरी. त्यांचे भाग घरपोच येतात. अपवाद असा: ज्या रायफलीचा सांगाडा काडतुसांच्या बंदुकीचाही असू शकतो, ती पूर्ण बंदूकच. थॉम्पसन/सेंटर एन्कोर, एच अँड आरची हंट्समन, रॉसीची .५० आणि सॅव्हेज १० एमएलची सुरुवातीची आवृत्ती या त्यात येतात. त्यांचा सांगाडा परवानाधारक दुकानातूनच घ्यावा लागतो.

राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. न्यू जर्सीत ठासणीची बंदूकही बंदूकच मानतात. एडिसनहून विचारणाऱ्यांना मी दर वेळी सांगतो, पेनसिल्वेनियातल्या मित्राने सांगितलेला नियम तुमच्याकडे लागू नाही.

१५. मी एच-१बी वर आहे. ठेवू शकतो का?

कामाच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. "अँटिक" रायफल या बंदीत येत नाही, पण गोम पुढे आहे: दारूगोळ्याच्या व्याख्येत प्रायमरही येतात, आणि २०९ हा मुळात शॉटगनचा प्रायमर. तेव्हा शिकार परवाना आधी काढा, रायफल आणि प्रायमर नंतर. व्हिसाचा प्रश्न असल्यामुळे एकदा वकिलाला विचारणं उत्तम.

१६. धूर न करणारी आधुनिक दारू घातली तर भाग कमी झिजतील ना?

नळी फुटेल. सॅव्हेज १० एमएल ही त्या दारूसाठीच बनवलेली मोजकी रायफल होती. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत ती दारू स्पष्ट शब्दांत मान्य केलेली नसेल तर ती घालायचीच नाही. नेमबाजीच्या मैदानावर बाजूच्या लेनवर कुणी घालताना दिसलं तर लांब उभे राहा आणि त्याला सांगा.

१७. कायमचे भारतात परत चाललो आहोत. रायफल किंवा निदान सुटे भाग सामानातून नेता येतील?

नाही. भारताच्या शस्त्र कायद्यात, १९५९ च्या, "शस्त्र" या शब्दात सुटे भागही येतात आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. अमेरिकेत घरपोच येणारा ब्रीच प्लग मुंबई विमानतळावर विनापरवाना शस्त्राचा भाग ठरतो. काळी दारू, टोप्या आणि प्रायमर तर कुठल्याच विमानाच्या सामानात चालत नाहीत. शिवाय तिकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे नेऊन करणार काय, हाही प्रश्न आहेच.

जायच्या आधी रायफल इथेच रीतसर विका किंवा एखाद्या जाणत्या शिकाऱ्याला द्या. देताना प्रश्न २ प्रमाणे ती रिकामी असल्याचं त्याच्यासमोर दाखवा, जमवलेले जादा निपल आणि पाना सोबत द्या, आणि आट्यांची मापं लिहिलेला तो कागद दस्त्याला बांधून द्या.